समजलं असेल तर सांगा

आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात 'हो' म्हणायला बंदी होती. तशी काही पाटी लावलेली नव्हती. पण नवा पेशंट समोर बसला, डॉक्टरांनी त्याला काय कापणार, कसं कापणार हे सगळं समजावलं आणि त्यानं सवयीनं 'हो' म्हटलं, की हे पेन खाली ठेवायचे.

"हो नको. सांगा."

"काय सांगू?"

"मी आत्ता जे सांगितलं ते. तुमच्या शब्दांत. मान काय, बैलसुद्धा हलवतो."

पेशंट आपलं ऑपरेशन आपल्या तोंडानं सांगत नाही तोवर हे त्याला टेबलावर घ्यायचे नाहीत. आतडं पिळलंय, रक्त वाहतंय, असलं काही असलं तर सोडा. तेव्हा एक शब्द न बोलता कामाला लागायचे. पण सवडीची ऑपरेशनं असली की परीक्षा चुकायची नाही. नापास झालेला पेशंट आठ दिवसांनी परत यायचा, नाहीतर चिडून पुण्याची गाडी धरायचा. आणि जाताना बोलणी कुणाला? मला! मी तिथली नर्स. "तुमच्या डॉक्टरला येड लागलंय का वो बाई?" हे मी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. वरवर म्हणायची, "असं बोलू नये." मनात म्हणायची, लागलंय खरं.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. मी मूळची शिरूरची. शिकून नोकरीला लागले ती दौंडला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरच्या या दहा खाटांच्या दवाखान्यात. कोळशाची इंजिनं होती तेव्हा. धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या की संध्याकाळपर्यंत करड्या. डॉक्टर अंगानं काडीसारखे, शर्टाच्या कॉलरमध्ये मान खुळखुळायची. आणि या काडीला वेड कसलं, तर चरबीचं!

"सिस्टर, चरबी ही शरीरातली सगळ्यात बदनाम वस्तू आहे," असं म्हणायचे. "हृदयावर गाणी आहेत, डोळ्यांवर आहेत. हिला फक्त शिव्या." जाड्या माणसाला कुणी हसलेलं त्यांना खपायचं नाही. एकदा आमच्या कंपाउंडरनं एका बाईंना बाकावर बसताना पाहून "बाक धरा रे" म्हटलं, तर डॉक्टरांनी त्याला दिवसभर उभं ठेवलं. दुपारचा डबासुद्धा त्यानं उभ्यानं खाल्ला.

रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून हे जायचे मटणाच्या दुकानी. स्वतः कांदासुद्धा बेतानं खाणारा माणूस! तिथं तासभर उभं राहून मुलाणी बकरं कसं सोडवतो ते बघायचे. "चरबी बोटानं का सोडवता? सुरी का लावत नाही?" मुलाणी म्हणायचा, "सुरीनं मास तुटतंय डॉक्टर. चरबीला तिची वाट आसती, बोट घातलं की घावती." हे ताबडतोब वहीत उतरवायचे. डॉक्टरीणबाई मला म्हणायच्या, "गावाला वाटतं हे चोरून खातात. आणि घरी येऊन वांग्याची भाजी मागतात. खाल्लं असतं तर निदान बदनामी वसूल तरी झाली असती."

त्यांनी एक पोट शिवलं होतं. थट्टा नाही, खरंच. माणसाच्या पोटाएवढी उशीच म्हणा. वरचं कातडं जुन्या रेनकोटाचं, त्याखाली कापूस म्हणजे चरबी, त्याखाली लाल घोंगडीचा तुकडा म्हणजे स्नायू. मधोमध बेंबीच्या जागी कोटाचं बटण. हे पोट टेबलावर ठेवून ते पेशंटला समजवायचे.

"चरबी काढायच्या तऱ्हा तीन. पहिली, गाठ. चरबीची गाठ पिशवीत असते. वर चीर द्यायची, बोटानं भोवताली मोकळी करायची, पिशवीसकट बाहेर. पिशवी राहिली तर गाठ परत येणार. दुसरी तऱ्हा, भोक पाडून आत लांब दांड्याचा चमचा घालायचा आणि खरवडायचं. परदेशात कुणीकुणी करतात, टाका लहान पडतो म्हणून. मी करत नाही. आत काय तुटतंय ते दिसत नाही, रक्त साठतं, वरचं कातडं मरतं. तिसरी, जिथं कातडंच लोंबायला लागलंय तिथं कातडं आणि चरबी मिळून सबंध पट्टा कापायचा आणि वरची कड ओढून खालच्या कडेला शिवायची. मोठं काम आहे. तिन्ही तऱ्हांत मागाहून पाणी साठू शकतं. चरबीत रक्त कमी, म्हणून जखम सावकाश भरते. फुगलं, गरम लागलं, तर पळत इकडं यायचं. समजलं?"

"हो."

"हो नको. सांगा."

आता माझं पाप सांगते. मला या परीक्षेचा कंटाळा यायचा. बाहेर रांग लागलेली, आणि आत एखादा म्हातारा "मंग ती पिशवी... मंग ते बटाण..." करत बसलेला. म्हणून मी व्हरांड्यातच पेशंटकडून उत्तरं घोकून घ्यायला लागले. सगळे पास! डॉक्टर खूश, पेशंट खूश, रांग भराभर पुढं. मला वाटलं, काय हुशार मी!

त्यात आले शिरूरकडचे आबा. मोठे बागाईतदार, गावच्या सोसायटीचे चेअरमन, भारदस्त मिशा. पाठीवर खांद्याखाली नारळाएवढी चरबीची गाठ. माहेरच्या मुलखातला माणूस, मला पोरीच म्हणायचे. "पोरी, काय इचारत्यात त्ये सांगून ठिव की. म्या लिवणं-वाचणं शिकलेला न्हाई, पर एकदा ऐकलं की पाठ." खरंच पाठ! आत जाऊन त्यांनी असं धडाधड म्हणून दाखवलं, की डॉक्टरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी आबा सोसायटीच्या मीटिंगसाठी हट्टानं घरी गेले, आणि दोन आठवड्यांनी गाडीत आडवे घालून आणले. अंगात ताप, पाठ फुगलेली, वर हळद आणि घट्ट आवळलेलं उपरणं. उपरणं सोडलं तर वासानं कंपाउंडर बाहेर पळाला.

"आबा, पाणी साठलं तर पळत या म्हणून सांगितलं होतं ना? तुम्ही मला म्हणून दाखवलंत!"

"व्हय की. पाठच व्हतं मला," आबा तापातही अभिमानानं म्हणाले. "ह्या पोरीनं लई झ्याक करून घेतलं व्हतं. पर त्ये माझ्यासाठनं हाय आसं न्हाई वाटलं. मला वाटलं, उरल्याली चरबी इतळून निघतीया, तर निघू द्यावी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

रागावले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "सिस्टर, तुमचं उत्तर मला माहीत होतं. मला त्यांचं हवं होतं." महिनाभर आबांची जखम मी धुतली, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी रात्र काढतील की नाही अशी वेळ आली होती, तेव्हा मी शिरूरच्या देवापासून दौंडच्या देवापर्यंत सगळ्यांचे पाय धरले. आबा वाचले. त्यानंतर मी कुणालाही एक अक्षर पढवलं नाही, रांग पार फाटकापर्यंत गेली तरी.

या भानगडीत ते शिवलेलं पोट मात्र फार वापरलं जाऊन पिचकलं. कापूस सगळा खाली उतरला. डॉक्टर म्हणाले, "पिंजाऱ्याकडे देऊन या." म्हणून ते काखोटीला मारून मी बाजारात गेले. गाद्या भरणारे चाचा कापूस पिंजत होते, आणि आत उंच स्टुलावर बसून चाची रजई टाचत होत्या. पोटाला बघून म्हणाल्या, "हे कुणी शिवलंय? हात मोडला व्हता काय त्याचा?"

मी सांगितलं, डॉक्टरांनी. कशासाठी तेही सांगितलं, तीन तऱ्हांसकट. चाचींनी सुई रजईत खोचली. चाचांना म्हणाल्या, "तुमी जरा चा सांगून या." ते गेल्यावर पडदा ओढला आणि ओढणी बाजूला केली.

मी नर्स, खूप पाहिलेलं. तरी असं पाहिलं नव्हतं. चार बाळंतपणांनंतर पोट असं सुटलं होतं, की त्याची घडी निम्म्या मांडीपर्यंत लोंबत होती. घडीखाली सगळं सोललेलं, ओलं, जागोजागी चिरलेलं. उन्हाळ्यात किडा पडायची भीती. खाली बसता यायचं नाही, म्हणून ते उंच स्टूल.

"आन् ह्ये तर मी सोसलं," चाची म्हणाल्या. "पर सहा वर्सं झाली, कपाळ जमिनीला लागलं न्हाई माझं. स्टुलावर बसून नमाज पडते. चालतंय म्हणत्यात मौलवीसाब. वरच्याला चालत आसंल. मला न्हाई चालत." आणि त्या रडल्या. मीही रडले, लपवायचं कशाला.

डॉक्टरांनी तपासलं. असा पट्टा कापायचं काम त्यांनी जन्मात दोनदाच केलं होतं, आणि तेही यापेक्षा लहान. चाचींचं वजन मोठं, भुलीचा धोका. त्यांनी कसलीही खात्री दिली नाही. उलट सगळं वाईट आधी सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "समजलं?"

चाचींनी ते नवं भरलेलं पोट टेबलावरून मांडीवर घेतलं.

"भोकातनं खरवडायचं म्हंजी गादीच्या कोपऱ्यातनं बोट घालून कापूस उपसायचा. मधले दोरे तुटत्यात, आन् खोळ तेवढीच ऱ्हाती, सुरकुत्या पडून. त्ये आमी गिऱ्हाइकाला कवा करून देत न्हाई. गाठ मला न्हाईच. म्हंजी खोळ आन् कापूस संगं कापायचा आन् शिवायचं. शिवलेलं उसवू शकतंय. आत पाणी हुईल, तवा लाजायचं न्हाई, पळत यायचं. आन् डॉक्टरसाब," त्यांनी सरळ डॉक्टरांकडे बघितलं, "मी टेबलावर मरू शकते. चाचाला ह्ये मीच सांगीन, तुमी नका सांगू."

डॉक्टरांनी पेन उचललं. इतकं चांगलं उत्तर त्यांना कुणी दिलं नव्हतं. मग म्हणाले, "उद्या सकाळी टेबलावर निजवून पट्ट्याच्या रेघा आखून घेऊ."

"निजवून?" चाची म्हणाल्या.

"हो."

"हो काय? निजल्यावर ह्ये पोट दोन्हीकडं पसरतंय, लोंबतं कुठं? शिंपी कवा गिऱ्हाइकाला निजवून माप घेतो काय?"

मी तोंडात पदर कोंबला. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, आणि मग ते खुर्चीत मागं टेकून अगदी लहान आवाजात म्हणाले, "आधीची दोन्ही वाकडी शिवली गेली. का ते मला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या खोलीतला मोठा आरसा आणला. मी पोट तोलून धरलं, डॉक्टर जांभळ्या औषधाची वाटी घेऊन उभे, आणि काडीला कापूस गुंडाळून चाचींनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पोटावर रेघ मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओढीत. "डावीकडं दोन बोटं जास्त घ्या. डावं आधीपासून जास्त हाय." डॉक्टर म्हणाले, "कड शिवताना ताण बसेल." "मंग दीड घ्या." अर्ध्या बोटावरून त्या दोघांची पाच मिनिटं हुज्जत चालली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चाचींनी एक अट घातली. जे काढाल ते चाचाच्या हातात द्यायचं. "माझ्या अंगाचं हाय. आमच्यात मातीत ठेवत्यात." आमच्याकडे तोवर असलं सगळं मागच्या खड्ड्यात जात असे. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. मीच घेऊन येईन."

पुण्याहून भूल देणारे डॉक्टर आले. साडेतीन तास लागले. मध्येच एकदा नाडी बारीक झाली, तेव्हा डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम पुसता पुसता मी पुन्हा सगळ्या देवांचे पाय धरले. पण रेघेवर रेघ अशी बसली, की शेवटचा टाका घालून डॉक्टर म्हणाले, "बाईनं काय माप काढलंय!"

चाची शुद्धीवर आल्या, हे पाहिल्यावरच डॉक्टरांनी आंघोळ केली, पांढऱ्या कापडात ते गाठोडं बांधून हातांवर घेतलं आणि डोक्याला रुमाल बांधून चाचांबरोबर कबरस्तानात निघाले. मीही मागं. रस्त्यात रेल्वेतले एक ओळखीचे गार्ड भेटले. गाठोडं बघून त्यांनी टोपी काढली. "लहान मूल होतं का हो, डॉक्टर?"

डॉक्टर तिथंच थांबले. भर रस्त्यात, गाठोडं हातांवर, त्यांनी त्या भल्या माणसाला तिन्ही तऱ्हा समजावल्या. गार्ड घाबरून "हो, हो" म्हणाले.

"हो नको. सांगा."

शेवटी चाचांनीच त्यांची कोपराला धरून सुटका केली. कबरस्तानाच्या कडेला चाचांनी खड्डा खणला, दोघांनी मिळून गाठोडं ठेवलं, डॉक्टरांनी मूठभर माती लोटली. परत येताना चाचा म्हणाले, "साब, तुमच्यात असं करत न्हाईत ना?" डॉक्टर म्हणाले, "आमच्यात चरबीला कुणी विचारतच नाही."

चाची घरी गेल्या आणि मी दिवस मोजायला लागले. आबांची पाठ डोळ्यांपुढून हलेना. डॉक्टरही दुपारी जेवण झालं की उगीच फाटकाशी येऊन बाजाराकडे बघत उभे राहायचे. अकराव्या दिवशी, टळटळीत उन्हात टांगा थांबला. चाची एकट्याच उतरल्या, पोटावर हात धरून, आणि पायरीवरूनच ओरडल्या, "आलं वं तुमचं पाणी! सकाळधरनं गरम लागतंय. आले पळत!"

डॉक्टरांनी दोन टाके सोडले, पाणी काढलं, नळी ठेवली. ताप चढायच्या आत. पाच-सहा दिवस रोज येऊन चाची धुवून घेत. जखम भरली. डॉक्टरांनी त्या पाण्याचं इतकं कौतुक केलं, जणू घरात मूल जन्माला आलंय! येईल त्याला सांगत होते, "वेळेवर आल्या. स्वतःहून आल्या."

दोन महिन्यांनी चाची शेवटचं दाखवायला आल्या. तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, "आता वाका, बसा, काय हवं ते करा." चाची उठल्या. बाहेर व्हरांड्यात गेल्या, पश्चिम कुठं ते मला विचारलं, पिशवीतून चटई काढून अंथरली, नळावर हातपाय धुऊन आल्या. दुपारची वेळ, बाकावर कुणी नव्हतं. डॉक्टर दारात आले आणि चपला काढून तिथंच उभे राहिले.

चाची उभ्या राहिल्या, कमरेत वाकल्या, परत ताठ झाल्या. मग हळूहळू गुडघे टेकले, हात टेकले आणि कपाळ खाली गेलं. पार खाली. चटई आखूड होती, कपाळ आमच्या फरशीलाच लागलं.

उठेनात. मी मनात दहा म्हटले, वीस म्हटले. टाके उसवले की काय, चक्कर आली की काय! मी पुढं धावणार, तेवढ्यात डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. "थांबा, सिस्टर. सहा वर्षांचं आहे."

सगळी नमाज झाली तेव्हा चाची चटईवरच बसून राहिल्या, जमिनीवर, मांडी घालून. डोळे पुसले, ओढणी सारखी केली. मग माझ्याकडे वळून बघितलं. कपाळाला मध्ये काळा ठिपका लागला होता, इंजिनाच्या धुराची काजळी.

"बाई," त्या म्हणाल्या, "फरशी जरा नीट पुसत जा. आता मला दिसतंय."

डॉक्टर हसायला लागले आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आत जाऊन बादली आणि फडकं घेऊन आले, आणि गुडघ्यांवर बसून सबंध व्हरांडा पुसून काढला, मान वर न करता. तेवढाच मला रडायला आडोसा.